एपी एन्व्हायर्नमेंटल सायन्स - "सगळ्यात सोपा एपी" म्हणतात ते कितपत खरं?

शिरोळची_लेक | १२ फेब्रुवारी २०२४

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज लिहायची वेळ आली. आम्ही न्यू जर्सीत. लेक सोफमोर म्हणजे आपल्या हिशोबाने दहावीत, पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय. एपी म्हणजे शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा विषय, शेवटी परीक्षा आणि १ ते ५ मधले मार्क. त्यातलं एपी बायो आणि एपी युएस हिस्टरी तिने घेतलंच आहे, आता तिसरा म्हणून एपी एन्व्हायर्नमेंटल सायन्स घ्यायचं म्हणतेय. मुलं त्याला आद्याक्षरांवरून एप्स म्हणतात, म्हणजे माकडांचा क्लास असंच मला आधी वाटलं होतं.

नवऱ्याचं म्हणणं, हा विषय ज्यांना फिजिक्स झेपत नाही ती मुलं घेतात, कॉलेजवाले बघून नाक मुरडतील. मला आठवतंय ते आपलं बारावीचं पर्यावरण, वही एकीने लिहायची आणि बाकी अकराजणींनी उतरवायची. कुणाच्या मुलांनी घेतलंय का? खरंच सोपं असतं का? आणि फिजिक्स सोडून हे घेणं म्हणजे वेडेपणा आहे का?

निमिष_एडिसन | १२ फेब्रुवारी २०२४

घेऊ नका. माझ्या मुलाने "जीपीए (शाळेतली सरासरी) वाढेल" म्हणून घेतलं होतं, शेवटी ३ मिळाले आणि कॅल्क्युलसमध्ये ५. सोपं म्हणणाऱ्यांना विचारा किती मार्क पडले.

मुक्ता७९ | १२ फेब्रुवारी २०२४

निमिष, पण मग हे "घेऊ नका" झालं की "नीट अभ्यास करा" झालं?

सोपा म्हणतात त्याचं कारण एवढंच की आत शिरायला फार काही लागत नाही. दोन वर्षं लॅबवालं सायन्स आणि अल्जिब्रा झालेलं असलं की बसू देतात, त्यामुळे ज्याचा पहिलाच एपी आहे असा मुलगाही इथेच येऊन बसतो. पण परीक्षा तेवढी दयाळू नाही. २०२१ ते २०२४ मधले निकाल काढून बघा, ५ मिळवणारे दर वर्षी १० टक्क्यांच्या आतच. (२०२४चे आकडे नंतर आले, म्हणून आत्ता प्रतिसाद संपादित केलाय.) कॅल्क्युलस बीसीत (कॅल्क्युलसचा वरचा एपी) याच्या कितीतरी पट मुलांना ५ मिळतात, आणि ते कारण विषय सोपा हे नाही, तिथे तयारीचीच मुलं बसतात.

अर्धा_कप | १३ फेब्रुवारी २०२४

बारावीच्या पर्यावरणाची आठवण काढलीत म्हणून. ६५० पैकी ते ५०! आमच्या सरांनी "परिसरातील जलप्रदूषण" असा प्रोजेक्ट दिला होता, मी आणि मित्राने ओढा न बघताच ओढ्याचं पाणी कसं काळं झालंय याचं दोन पानं वर्णन केलं. सर म्हणाले भाषा छान आहे. ओढा तेव्हा कोरडा होता.

कंदील | १३ फेब्रुवारी २०२४

मी गेल्या वर्षी दिलीय ही परीक्षा (मुलगाच लिहितोय, आई शेजारी बसून र्‍हस्वदीर्घ तपासतेय). काय असतं ते सांगतो.

नऊ युनिट. इकोसिस्टिम, बायोडायव्हर्सिटी, पॉप्युलेशन, मग जमीन-हवामान, मग शेती-पाणी-खाणी-जंगल, एनर्जी, हवेचं प्रदूषण, पाण्याचं आणि कचऱ्याचं, आणि शेवटी ग्लोबल चेंज. शेवटच्याला १५ ते २० टक्के वजन आहे आणि ते एप्रिलमध्ये शिकवतात जेव्हा सगळे झोपलेले असतात. ८० एमसीक्यू (पर्याय निवडायचे प्रश्न) ९० मिनिटांत, ते ६० टक्के. मग ७० मिनिटांत ३ लिहायचे प्रश्न, एफआरक्यू, प्रत्येकी १० पॉइंट, ते ४० टक्के. पहिला प्रश्न प्रयोग डिझाइन करायचा, दुसरा एक समस्या घेऊन उपाय सुचवायचा, तिसरा तसाच पण गणितासकट. कॅल्क्युलेटर चालतो, २०२० च्या आधी तोही चालत नव्हता म्हणे.

कठीण काय तर काहीच नाही आणि सगळंच. एकेक गोष्ट सोपी असते पण शेकडो गोष्टी असतात आणि त्या एकमेकीत घुसतात. आणि लिहिताना "प्रदूषण होतं" "पर्यावरणाची हानी होते" असं लिहिलं की शून्य. कुठला पदार्थ, कुठून आला, कशात गेला, कोणाचं काय झालं, हे लिहावं लागतं. मला पहिल्या टेस्टला एफआरक्यूत १० पैकी २ होते.

शिरोळची_लेक | १३ फेब्रुवारी २०२४

कंदील, किती छान सांगितलंस रे. आईला सांग र्‍हस्वदीर्घ सगळं बरोबर आहे. हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं, तो "१० पैकी २" ऐकून जरा गप्प झाला.

सिंगापूर_डायरी | १४ फेब्रुवारी २०२४

आमच्याकडे शाळेत आयबी (आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) आहे, त्यात याच धर्तीचा ईएसएस हा पर्यावरणाचा विषय. आतापर्यंत फक्त एसएल म्हणजे साधी पातळी होती, या वर्षी ऑगस्टपासून एचएल म्हणजे वरची पातळीही सुरू होतेय. तिथेही "सोपा विषय" हीच ख्याती आणि तिथेही ७, म्हणजे पैकीच्या पैकी, मिळवणारे थोडेच. बाकी अनुमोदन मुक्ताला.

भोपाळी_मराठी | १४ फेब्रुवारी २०२४

अवांतर होईल पण लिहितोच. माझ्या मुलीच्या वर्गात कायद्यांची यादी पाठ करायला दिली होती. क्लीन एअर १९७०, क्लीन वॉटर १९७२, एन्डेन्जर्ड स्पीशीज १९७३, ओझोनसाठी माँट्रियल करार १९८७. क्लीव्हलँडची कायाहोगा नदी १९६९ मध्ये पेटली, लव्ह कॅनॉलच्या गाडलेल्या केमिकलवर घरं बांधली गेली त्यातून १९८० चा सुपरफंड, म्हणजे घातक कचऱ्याच्या जागा साफ करायचा कायदा. (सुपरफंडच्या जागा सगळ्यात जास्त आपल्या न्यू जर्सीतच आहेत, घर घेताना हे एजंट सांगत नाही.) ती यादी घोकत होती, त्यात १९८६ चा एक कायदा होता, कारखान्यात कुठलं घातक रसायन किती साठवलंय ते आसपासच्या लोकांना कळलंच पाहिजे असा. मी विचारलं हा का केला माहितीये? नाही म्हणाली. म्हटलं डिसेंबर १९८४, आपल्या भोपाळमुळे. तुझे आजोबा त्या रात्री ओल्या टॉवेलने तोंड झाकून दोन लेकरं घेऊन पळत होते, त्यातलं धाकटं मी. तिने पेन खाली ठेवलं. यादी पाठ करायची राहिली त्या दिवशी.

शिरोळची_लेक | १६ फेब्रुवारी २०२४

फॉर्म दिला. एप्स घेतलं, फिजिक्स पुढच्या वर्षी. भोपाळी, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. धन्यवाद सगळ्यांना.

शिरोळची_लेक | ९ नोव्हेंबर २०२४

धागा वर काढतेय कारण घरात वास येतोय.

इकोकॉलम नावाचा प्रकार. सोड्याच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या कापून एकावर एक बसवल्यात, वर माती आणि रोप, मध्ये कुजका पालापाचोळा, खाली पाणी, त्यात गोगलगाय आणि शेवाळ. दर आठवड्याला पीएच, नायट्रेट, विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा. सुट्टीपुरता घरी आणलाय आणि गोगलगाय बहुतेक वारली. लेक म्हणते डिकंपोझिशन हाच डेटा आहे. मी म्हटलं डेटा गॅरेजमध्ये ठेव.

अर्धा_कप | ९ नोव्हेंबर २०२४

निदान बाटली खरोखर आहे. आमचा ओढा आठवा.

मुक्ता७९ | १० नोव्हेंबर २०२४

यंदापासून परीक्षा पूर्ण कॉम्प्युटरवर आहे बरं का, एफआरक्यूसुद्धा टाइप करायचे. गणितं टाइप करून दाखवायची सवय आत्तापासून लावा, एकक लिहून. उत्तर बरोबर आणि मधल्या पायऱ्या नाहीत, तर पॉइंट जातो.

आणि एक गंमत. आमच्याकडे किलोवॅट-तास म्हणजे काय हे अमेरिकन पोरांना आठवडाभर शिकवत होते. मी मुलाला म्हटलं अरे हे तर आपलं लाइटबिलावरचं युनिट! १००० वॅटचा गीझर तासभर चालला की एक युनिट, हे माझ्या सासूबाईंना शाळा न शिकता माहीत आहे. मग त्याला घरातच गणित घातलं: ६० वॅटचे २० बल्ब काढून ९ वॅटचे एलईडी लावले, रोज ५ तास, वर्षाला किती युनिट वाचली? ५१ गुणिले २० म्हणजे १०२० वॅट, ५ तासांनी ५.१ युनिट, ३६५ ने गुणून साधारण १८६१. युनिटला २० सेंट धरले तर ३७२ डॉलर. आता तो सगळ्यांचे दिवे बंद करत फिरतो, बाथरूममध्ये माणूस असताना पण.

शिरोळची_लेक | २ फेब्रुवारी २०२५

आज जरा मोठं लिहिणारे, चहा घेऊन बसा.

पाचवं युनिट चालू आहे, शेती आणि पाणी. लेकीला सिंचनाचे प्रकार पाठ करायचे होते, फरो म्हणजे सरीतून पाणी, त्यात साधारण एक तृतीयांश वाया, फ्लडमध्ये २० टक्के, स्प्रिंकलरमध्ये पाव किंवा कमी, ड्रिपमध्ये ५ टक्के. त्याच्या खाली दोन शब्द, वॉटरलॉगिंग (जमिनीत पाणी साचून राहणं) आणि सॅलिनायझेशन (जमीन खारट होणं). व्याख्या पाठ, पण एफआरक्यूत "प्रक्रिया समजावून सांगा" म्हटल्यावर ४ पैकी १. तिने लिहिलं होतं, जास्त पाण्यामुळे जमीन खारट होते. मलाही वाचून बरोबरच वाटलं. बाईंनी लाल अक्षरात लिहिलं होतं, मीठ आलं कुठून?

रविवारी शिरोळला व्हिडिओ कॉल असतोच. आबांना (माझे वडील, वय ७८, आयुष्य उसात गेलं) ती म्हणाली आबा, मीठ येतं कुठून? आबांनी फोन घेतला आणि सरळ बांधावर गेले, इथे रात्र, तिथे सकाळ. मळ्याच्या खालच्या तुकड्याजवळ कॅमेरा धरला. जमीन वर पांढरी, जणू कुणी रांगोळीचा डबा सांडलाय, आणि मध्ये वीतभर वाढून पिवळा पडलेला ऊस.

आबा म्हणाले, "हे बघ बाळ, पाणी गोड असलं तरी त्यात जरा मीठ असतंयच. आमी लिफ्टचं, पंपानं उचलून आणलेलं पाणी आलं तसं दाबून दिलं, ऊस पाणी मागतोय म्हणून. ते मुरत मुरत खाली साठलं आणि खालची पाणीपातळी वर यायला लागली. एकदा का ती हातभर खोलीवर आली की माती ते वातीगत वर ओढतीया. वर ऊन. पाणी उडून जातंय, मीठ कुठं जाणार? राहतंय हितंच. मग मुळाला पाणी समोर असून पिता येत नाही." आणि मग जरा थांबून, "पाण्यानं गेली जमीन. दुष्काळानं न्हाई, पाण्यानं."

लेकीने वातीगत म्हणजे काय विचारलं. देवघरातली समई दाखवली तिला. म्हणाली ओह, कॅपिलरी!

सोमवारी तिने ते परत लिहून दाखवलं, ४ पैकी ४. आबांना कळवलं तर त्यांचं वेगळंच चाललंय, म्हणे तुमच्या पुस्तकात सरीला जास्त वाया आणि तुंबवून दिलेल्याला कमी, हे कुणी लिहिलं? त्याला म्हणावं माझ्याकडे चार दिवस राहायला ये.

गडहिंग्लजकर | २ फेब्रुवारी २०२५

ताई, तुमच्या आबांना साष्टांग नमस्कार. मी कृषी पदवीधर आहे, कोल्हापूर-सांगलीत नदीकाठच्या क्षारपड जमिनीत काही वर्षं काम केलंय, म्हणून एक दुरुस्ती नव्हे पण भर.

गावाकडे सगळ्यालाच लोक क्षारपड नाहीतर चोपण म्हणून मोकळे होतात, पण या दोन वेगळ्या गोष्टी. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार जास्त, वर पांढरं फुटतं, सामू (पीएच) शक्यतो ८.५ च्या आत. चोपण म्हणजे सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला, सामू ८.५ च्या वर, ओली झाली की लोण्यासारखी, वाळली की दगड, पाणी वर तुंबून राहतं. उपायही वेगळे. खारवटला आधी निचरा, म्हणजे चार-पाच फूट खाली भोकं पाडलेले पाइप घालून पाणी बाहेर काढायचं आणि वरून चांगलं पाणी देऊन मीठ धुवायचं. चोपणाला निचऱ्यासोबत जिप्सम, त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावून लावतं. नुसत्या खारवट जमिनीत जिप्सम ओतून पैसे घालवणारे मी पोत्याने बघितलेत. आणि निचऱ्याचं काम एकट्याने होत नाही, तुमचं पाणी शेजाऱ्याच्या रानातून ओढ्याला जायचं असतं, आणि शेजाऱ्याशी बोलणं १९९४ पासून बंद असतं.

निमिष_एडिसन | ३ फेब्रुवारी २०२५

हे वाचून माझ्या मुलाला ३ का मिळाले ते कळलं. त्याने सगळं फ्लॅशकार्डवर केलं होतं.

कंदील | ३ फेब्रुवारी २०२५

मावशी, यावर प्रयोग डिझाइन करायला लावा तिला, पहिल्या एफआरक्यूची तयारी होईल. मुळ्याच्या बिया आणि मिठाचं पाणी हा प्रयोग खूप शाळांत करतात.

शिरोळची_लेक | १६ फेब्रुवारी २०२५

केला! मुळ्याच्या बिया कुठे शोधत बसू, मेथी घेतली डब्यातली. चार बशा, ओला पेपर टॉवेल, प्रत्येकीत २५ दाणे. साधं पाणी हा कंट्रोल (तुलनेसाठी), मग अर्धा टक्का मीठ, एक टक्का, दोन टक्के. बदलायचं फक्त मीठ. पाणी, जागा, दाणे सगळं तेच. पाचव्या दिवशी साध्या पाण्यात २३ उगवले, अर्ध्यात १७, एकमध्ये ४, दोनमध्ये एकही नाही. लेकीने ग्राफ काढला, मी साध्या पाण्यातल्या मेथीचं वरण केलं. दोन टक्केवाली बशी ती टाकू देईना, म्हणते बिया मेल्यात की नुसत्या अडल्यात हे धुवून बघायचंय. धुतल्यावर ६ उगवले. म्हणजे आबांचं बरोबर, पाणी समोर होतं पण पिता येत नव्हतं.

(२५ दाण्यांवरून निष्कर्ष काढू नये, पुन्हा पुन्हा करून बघावं, हे तिनेच लिहायला सांगितलंय.)

अर्धा_कप | १६ फेब्रुवारी २०२५

मेथीचं वरण हा डिपेंडंट व्हेरिएबल.

शिरोळची_लेक | २१ जुलै २०२५

निकाल लागला. ४. तिला ५ हवे होते, दोन दिवस दार लावून बसली होती. टायपिंग करताना गणिताच्या प्रश्नात वेळ गेला म्हणाली. तिला ज्या कॉलेजांत जायचंय त्यातल्या काहींत ४ ला क्रेडिट मिळतं, काहींत काहीच नाही, ज्याने त्याने आपापल्या कॉलेजची साइट बघावी, ऐकीव माहितीवर जाऊ नये. नवरा आता सगळ्यांना सांगतो की हा विषय मीच सुचवला होता.

हे लिहितेय शिरोळमधून, आल्याला आठवडा झाला. लेकीला आबांच्या रानातली माती अमेरिकेत न्यायची होती, म्हटलं बाई विमानतळावर काढून घेतील, माती नेता येत नाही परवानगीशिवाय. मग इथेच आईची लोणच्याची रिकामी बरणी घेऊन त्यात माती, वर पाणी, हलवून ठेवलं. वाळू लगेच बसते, मग गाळ, मग चिकणमाती, थर मोजून मातीचा प्रकार काढायचा, शाळेत असंच केलं होतं. पण आज तिसरा दिवस, पाणी अजून चहासारखं गढूळ. आणि आई बरणी मागतेय.

गडहिंग्लजकर | २१ जुलै २०२५

ताई बरणी देऊ नका! कुठल्या तुकड्यातली माती? आणि पाणी कुठलं घेतलं?

शिरोळची_लेक | २१ जुलै २०२५

खालच्या, पांढऱ्या तुकड्यातली. आता पाऊस आहे त्यामुळे पांढरं काही दिसत नाही, नुसता चिखल. पाणी पागोळीचं, पावसाचं.

गडहिंग्लजकर | २१ जुलै २०२५

उत्तम. नुसते क्षार असते तर उलट चिकणमाती गोळा होऊन पाणी लवकर निवळलं असतं. पावसाच्या पाण्यात तीन दिवस गढूळ म्हणजे सोडियमचा संशय आहे. पण एकट्या बरणीवर बोलू नये. वरच्या चांगल्या रानातली माती दुसऱ्या बरणीत तशीच ठेवा, लेकीला सांगा हा कंट्रोल. आणि गढूळ बरणीतलं वरचं पाणी दोन पेल्यांत काढून एकात चमचाभर जिप्सम ढवळा, कृषी केंद्रात मिळेल. सामू तपासायला माती प्रयोगशाळेत द्याच, पेल्यावरून पोती आणू नका.

शिरोळची_लेक | २४ जुलै २०२५

आईच्या आता दोन बरण्या आणि दोन पेले गेलेत.

वरच्या रानातली माती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निवळली. जिप्समच्या पेल्यात रात्रीतून गाळ खाली आणि वर नितळ पाणी, बिनजिप्समचा पेला तसाच चहा. लेक सकाळी सहाला उठून फोटो काढत होती, सुट्टीत तिला सहा वाजलेले पहिल्यांदा बघितले. आबा कट्ट्यावर बसून दोन्ही पेले उजेडात धरून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "पंधरा वर्षं मी ह्याला मीठ म्हणत आलो." माती प्रयोगशाळेत दिलीय, रिपोर्टला आठ दिवस. आम्ही त्याआधीच निघतोय, लेकीने आबांना रिपोर्टचा फोटो कसा पाठवायचा ते दोनदा शिकवलंय.

आणि हो, एडिसनच्या आसपास कुणाला तयारीची पुस्तकं हवी असतील तर माझ्याकडे दोन आहेत, फुकट. एकावर गोगलगायीच्या पाण्याचा डाग आहे. विपू (इथल्या विचारपुशीत निरोप) करा.

निमिष_एडिसन | २४ जुलै २०२५

धाकटीसाठी मला हवीत. डागवालं पण चालेल.